स्टेनलेस स्टीलचा सांधा किती भार सोशील?

आमच्या वाचकांपैकीं क्वचितच एखादें घर असें असेल, कीं ज्याच्या स्वयंपाकघरांत स्टेनलेस स्टीलचें एकहि भांडें नाहीं. डबे, वाट्या, तांबे हे तर रोजच्या वापरांतले झाले आहेत. परंतु हेंच पोलाद याहून कितीतरी मोठीं व जोखमीचीं कामें करीत असतें. दूध वाहून नेणारे टँकर, औषधांच्या कारखान्यांतील मोठमोठीं पात्रें, रुग्णालयाच्या आवारांत उभी असलेली द्रवरूप प्राणवायूची टांकी, इमारतींचे जिने व कठडे, अशा किती तरी ठिकाणीं हा धातु राबत असतो. ह्या वस्तु एका अखंड तुकड्याच्या नसतात. पत्रा पत्र्यास व नळी नळीस वेल्डिंगनें सांधूनच त्या उभ्या राहतात. भांड्याचा कान निखळला तर फार तर आमटी सांडेल. परंतु कठड्याचा किंवा टांकीचा सांधा उकलला तर माणसें प्राणास मुकतील.

मग असा सांधा किती भार सोशील, हें तो प्रत्यक्ष तोडून न पाहतां आधींच कसें सांगतात? वर्गांत आम्ही हा प्रश्न विचारतों, तेव्हां बहुतेक मुलें उत्तर देतात कीं, पोलाद जितकें बळकट तितका सांधा बळकट. उत्तर अगदींच चुकीचें नाहीं, पण फार अपुरें आहे. सांध्याचें बळ धातूवर अवलंबून असतें, तसें तें सांध्याच्या आकारावर, ओढ कोणत्या दिशेनें येते ह्यावर, आणि भेग कोठून सुरू होते ह्यावरहि अवलंबून असतें. शिवाय साध्या पोलादासाठीं ठरवून दिलेले आंकडे स्टेनलेस स्टीलला जसेच्या तसे लावले तर हिशेब फसतो. तो कसा, हें आम्ही येथें शक्य तितक्या सोप्या रीतीनें सांगणार आहों.

प्रथम ह्या धातूची थोडी ओळख. इंग्लंडांतील शेफील्ड येथें हॅरी ब्रेअर्ली हे १९१३ सालीं बंदुकीच्या नळ्यांची झीज कमी कशी होईल ह्याचा शोध करीत असतां क्रोमियम मिसळलेलें, सहसा न गंजणारें पोलाद त्यांच्या हातीं लागलें. त्याच सुमारास जर्मनींतील क्रुप कारखान्यांत क्रोमियमबरोबर निकेलहि घातलेलें पोलाद तयार झालें होतें. पोलादांत शेंकडा साडेदहा किंवा त्याहून अधिक क्रोमियम असलें म्हणजे पृष्ठभागावर डोळ्यांस न दिसणारा एक पातळ थर बसतो, आणि तो खालच्या लोखंडाचें रक्षण करतो. आपल्या उत्तम भांड्यांत साधारणपणें शेंकडा १८ क्रोमियम व ८ निकेल असतें. बाजारांत त्यास '३०४' ह्या आंकड्यानें ओळखतात. निकेलमुळें ह्या पोलादांतील अणूंची मांडणी साध्या पोलादाहून निराळी होते, आणि ह्या एका गोष्टीचे परिणाम पुढें पदोपदीं दिसतील.

वेल्डर विजेच्या ठिणगीनें दोन्ही तुकड्यांच्या कडा वितळवितो, आणि रॉड किंवा तार वितळवून तिचा रस त्यांत भरतो. हें काम साध्या पोलादावर चालतें तसेंच येथेंहि चालतें, असें वरवर पाहणारास वाटेल. परंतु स्टेनलेस स्टीलमधून उष्णता साध्या पोलादाच्या मानानें सुमारें एकतृतीयांशच वाहते, आणि तापल्यावर तें सुमारें दीडपट प्रसरण पावतें. म्हणजे उष्णता पसरून न जातां सांध्यापाशींच साठते, तेथील धातु फार फुगतो, आणि निवतांना तितकाच आकसूं पाहतो. भोंवतालचा थंड पत्रा त्यास आकसूं देत नाहीं. ह्या झटापटींत पत्रा वांकडा होतो, किंवा वांकडा न झाल्यास आंतल्या आंत ताणलेला राहतो. बाहेरचा कसलाहि भार पडण्यापूर्वींच सांध्यांत ओढ भरलेली असते, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. शेवटीं तिचें काम पडेल.

दुसरी अडचण कार्बनची. सुमारें ४५० ते ८५० अंश सेल्सिअस उष्णतेंत पोलाद कांहीं काळ राहिलें, तर त्यांतील कार्बन क्रोमियमशीं संयोग पावतो व धातूच्या कणांच्या सीमांवर जाऊन बसतो. तेथील क्रोमियम असें खर्ची पडलें म्हणजे त्या सीमा गंजास मोकळ्या होतात, आणि सांध्याच्या दोहों बाजूंस धातु आंतून पोखरला जाऊं लागतो. उपाय सोपा आहे. कार्बन शेंकडा ०.०३ हून अधिक नसलेलें पोलाद घ्यावें. '३०४ एल' ह्या नांवांतील 'एल' हें अक्षर ह्याच अल्प कार्बनाची खूण आहे.

तिसरी गोष्ट रॉडची, आणि ही आमच्या पालकवर्गानेंहि वाचावी. स्टेनलेसचा कठडा साध्या लोखंडी पट्टीस जोडावयाचा असतो, आणि हाताशीं असलेला साधा रॉडच लावून काम उरकलें जातें, असें पुष्कळदां घडतें. दोन्ही धातूंचें मिश्रण होऊन तेथें जो पदार्थ बनतो तो कठीण पण ठिसूळ असतो, आणि त्यास निवतां निवतांच भेग जाण्याचा संभव असतो. अशा मिश्र सांध्यास '३०९ एल' हा रॉड लागतो; ३०४ ला ३०४ जोडण्यास '३०८ एल'. कोणत्या मिश्रणांतून काय निपजेल ह्याचा नकाशाच शेफलर ह्या संशोधकानें १९४९ सालीं प्रसिद्ध केला. पुढें त्यांत सुधारणा झाल्या, तरी अभियंते त्याचें नांव अजून घेतात. त्या नकाशावरून असेंहि दिसतें कीं, सांध्यांत फेराइट नांवाची, लोहचुंबकास ओढली जाणारी रचना शेंकडा कांहीं अंश उरेल असाच रॉड निवडलेला बरा. ती अजिबात नसेल तर रस गोठत असतांनाच गंधक व फॉस्फरस ह्यांच्या लवकर वितळणाऱ्या पापुद्र्यांमुळें सांधा तडकतो. मुलांनीं चांगल्या बळकट लोहचुंबकानें हा प्रयोग अवश्य करावा. ३०४ च्या सपाट पत्र्यास तो चिकटत नाहीं, परंतु वेल्डिंगच्या रेघेवर किंचित् ओढ जाणवते. (चुंबक न चिकटणें हें मात्र उंची पोलादाचें प्रमाणपत्र नव्हे. निकेल कमी करून मँगनीज घातलेल्या स्वस्त पोलादासहि तो चिकटत नाहीं, हें भांडीं घेतांना लक्षांत असूं द्यावें.)

आतां हिशेबाकडे वळूं. एका पत्र्यावर दुसरा पत्रा ठेवून त्याच्या कडेच्या कोनांत रस भरला, म्हणजे त्या भरावाचा छेद काटकोन त्रिकोणासारखा होतो. ह्या सांध्यास 'फिलेट' म्हणतात. दोन्ही पत्र्यांवर टेकलेल्या त्रिकोणाच्या बाजू समान, प्रत्येकी ६ मिलिमीटर आहेत असें धरा. सांधा सर्वांत अशक्त कोठें? जेथें जाडी सर्वांत कमी तेथें. म्हणजे काटकोनापासून कर्णावर टाकलेल्या लंबाच्या रेषेंत. ह्या लंबास सांध्याचा गळा म्हणतात. भूमिति शिकलेल्या मुलांस सांगावयास नकोच कीं, तो बाजूच्या सुमारें ०.७ पट, म्हणजे ४.२ मिलिमीटर भरतो. पत्र्याच्या दोन कडांस शंभर शंभर मिलिमीटर लांबीचे असे दोन सांधे असले, तर गळ्याचें एकूण क्षेत्रफळ ८४० चौरस मिलिमीटर झालें.

३०४ पोलादाचा एक चौरस मिलिमीटर भाग सरळ ओढला असतां तुटण्यापूर्वीं सुमारें ५२० न्यूटन ओढ सोसतो. परंतु ओढ सांध्याच्या लांबीच्या दिशेनें असेल तर धातु ओढला न जातां कातरला जातो, आणि कातर सोसण्याची शक्ति ओढीच्या शक्तीस तीनच्या वर्गमुळानें भागून येते. ८४० गुणिले ५२० भागिले १.७३२, म्हणजे सुमारें २,५२,००० न्यूटन, अर्थात् पंचवीस टनांहून अधिक वजन! दोन वीतभरहि नसलेल्या रेघा एवढा भार सोसतात, ह्याचें नवल वाटेल. व्यवहारांत मात्र युरोपचे बांधकामाचे नियम ह्या आंकड्यास आणखी १.२५ नें भागावयास लावतात, आणि येणारा भारहि वाढवून धरतात, तें योग्यच आहे.

आतां तोच सांधा आडवा धरून, म्हणजे लांबीशीं काटकोनांत ओढा. त्याच नियमांच्या हिशेबानें आतां तो सुमारें ३,०९,००० न्यूटन सोसतो, म्हणजे शेंकडा बावीस अधिक. अमेरिकेंतील नियम साध्या पोलादाच्या अशा आडव्या सांध्यास शेंकडा पन्नासपर्यंत अधिक बळ देऊं करतात. एकाच आकाराचा सांधा, केवळ दिशा बदलली कीं उत्तर बदलतें, आणि दोन देशांचे पंडित दोन निरनिराळीं उत्तरें देतात! ह्यांत कोणी अडाणी आहे असें नव्हे. आडवा सांधा अधिक भार घेतो खरा, पण तुटण्यापूर्वीं ताणला जातो कमी. म्हणून एकाच जोडांत कांहीं सांधे उभे व कांहीं आडवे असले तर आडवे आधीं थकतात, आणि दोघांच्या बळांची नुसती बेरीज करून चालत नाहीं.

स्टेनलेस स्टीलची गोष्ट निराळी पडते ती येथें. साधें बांधकामाचें पोलाद सुमारें २५० न्यूटनला एकाएकीं नमतें, आणि सुमारें ४१० ला तुटतें. ३०४ मात्र २०५ च्या आसपास हळूहळू नमूं लागतें, जों जों ताणावें तों तों कठीण होत जातें, आणि शंभर मिलिमीटर लांबीचे एकशें चाळीस होईपर्यंत, किंबहुना त्याहून अधिक, तग धरून मग तुटतें. त्यामुळें सांधा तुटण्याच्या वेळीं त्याचा मूळचा आकार पुष्कळ बदललेला असतो, आणि आरंभींच्या आकारावर केलेला हिशेब तितका विश्वसनीय राहत नाहीं. शिवाय साध्या पोलादांत भरलेला रस बहुधा मूळ पत्र्याहून बळकट असतो. म्हणून युरोपच्या नियमांत त्याच्या सौम्य जातीस ०.८ हा भाजक लावून सांध्याचें बळ वाढवून धरण्यास मोकळीक आहे. स्टेनलेस स्टीलला, प्रयोग करून दाखविल्याखेरीज, ही सवलत नाहीं. त्याचा भाजक १. एखाद्यानें संवयीनें जुनाच भाजक वापरला तर सांधा प्रत्यक्ष हिशेबापेक्षां सव्वापट बळकट आहे असें तो समजून बसेल. पोलाद चकचकीत व महाग आहे एवढ्यावरून तें सर्व बाबतींत वरचढ आहे असें मानण्याची वृत्ति आम्हांस फार घातक वाटते.

हे झाले नियम. परंतु तुटणें ही क्रिया धातूच्या पोटांत घडते तरी कशी? ह्याचा पहिला सुगावा कांचेवरून लागला. ग्रिफिथ ह्या इंग्रज अभियंत्यानें १९२१ सालीं दाखविलें कीं, कांच आपल्या अंगच्या बळाच्या मानानें फारच लवकर फुटते, कारण तिच्यांत आधींच सूक्ष्म भेगा असतात, आणि सगळी ओढ भेगेच्या टोंकाशीं एकवटते. भेग चौपट लांब झाली कीं कांचेचें बळ निम्मे होतें. १९५७ सालीं अमेरिकेंत अर्विन ह्यांनीं हाच विचार धातूंस लावण्याजोगा केला. त्याची निकड महायुद्धानें दाखविली होती. १६ जानेवारी १९४३ च्या थंड रात्रीं ओरेगन प्रांतांतील पोर्टलंड येथें 'शेनेक्टडी' हें नवें कोरें तेलवाहू जहाज धक्क्यालगत शांत पाण्यांत उभें असतांनाच मोठा आवाज होऊन जवळजवळ दुभंगलें. तें वेल्डिंगनें सांधलेलें होतें. रिबिटांनीं जोडलेल्या जहाजांत भेग एका पत्र्याच्या कडेशीं थांबण्याची आशा असते; येथें सगळें जहाज म्हणजे एकच पत्रा, म्हणून ती धांवतच सुटली. लोकांनीं वेल्डिंगला दोष दिला. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर ह्या विदुषीनें दाखविलें कीं, मुख्य दोष पोलादाचा होता. तें थंडींत कांचेसारखें ठिसूळ होत असे.

३०४ पोलादास हा थंडीचा रोग जवळजवळ नाहींच. वर सांगितलेल्या अणूंच्या निराळ्या मांडणीमुळें तें शून्याखालीं १९६ अंशांवरच्या द्रवरूप नायट्रोजनांतहि चिवट राहतें. म्हणूनच प्राणवायूच्या टांकीस तें वापरतात. परंतु ह्याचाच अर्थ असा कीं, कांचेवरून काढलेला साधा नियम त्यास पुरता लागू पडत नाहीं. तें फुटत नाहीं, फाटतें.

फाटतें कसें, हें पाहण्यास कणकेचा गोळा दोन्ही हातांनीं हळू हळू ओढावा. तुटण्यापूर्वीं त्यांत बारीक भोंकें दिसूं लागतात, तीं मोठीं होतात, एकमेकांस मिळतात, आणि मग गोळा दुभंगतो. पोलादांतहि असेंच होतें. त्यांत परक्या पदार्थांचे सूक्ष्म कण विखुरलेले असतात. ओढीनें ह्या कणांभोंवतीं पोकळ्या निर्माण होतात, फुगतात, व जोडल्या जाऊन भेग होते. तुटलेला भाग सूक्ष्मदर्शकाखालीं धरला तर तो लहान लहान वाट्यांनीं भरलेला दिसतो. ह्या पोकळ्या किती वेगानें वाढतात, ह्याचें गणित राइस व ट्रेसी ह्या दोघांनीं १९६९ सालीं मांडलें. त्यांतील मर्म असें. धातु एकाच दिशेनें ओढला तर बाजूंनीं बारीक होतो, आणि पोकळ्या फारशा फुगत नाहींत. परंतु खांचेपाशीं भोंवतालचा जाड धातु त्यास बारीक होऊं देत नाहीं. तेथें ओढ तिन्ही दिशांनीं बसते. ह्या तिहेरी ओढीची सरासरी आणि धातूस वेडावांकडा करणारी ओढ ह्यांच्या गुणोत्तरांत एकाची भर पडली, कीं पोकळ्या वाढण्याचा वेग सुमारें साडेचारपट होतो! ओढ तीच, पोलाद तेंच, पण खांच तीक्ष्ण असेल तर धातु फार थोडा ताणला जाऊन तुटतो.

आतां आपल्या फिलेट सांध्याकडे पुन्हां पाहा. एकावर एक ठेवलेल्या दोन पत्र्यांच्या मध्यें जी न वितळलेली फट राहते, तिचें टोंक सांध्याच्या मुळाशीं येऊन संपतें. ती फट म्हणजे जन्मजात भेगच होय, आणि सांधा पुष्कळदां तेथूनच फाटूं लागतो. म्हणून अभियंते सांप्रत असें करतात. प्रथम त्याच पोलादाच्या व त्याच रसाच्या, निरनिराळ्या खांचा पाडलेल्या लहान सळया यंत्रांत ओढून तोडतात, आणि पोकळ्यांची वाढ कोणत्या मर्यादेस पोंचली असतां धातु फाटतो तें ठरवितात. मग गणकयंत्रांत संपूर्ण सांध्याचे हजारों बारीक तुकडे कल्पून, भार थोडा थोडा वाढवीत, प्रत्येक तुकड्याची ओढ व ताण मोजतात. मुळापाशीं एका ठराविक सूक्ष्म अंतरापर्यंत ती मर्यादा गांठली गेली, कीं त्या भारास सांधा फाटूं लागेल असें भाकीत करतात. शेवटीं खरा सांधा यंत्रांत घालून तोडतात आणि भाकीत कितपत जुळलें तें पाहतात. ह्या रीतींत सळयांवरून मिळालेला आंकडा मोठ्या सांध्यास लागू पडतो, हीच तिची थोरवी. कारण प्रत्येक पुलाचा सांधा तोडून पाहणें कोणास परवडणार?

तरीहि गणकयंत्रास कागदावरचा सांधाच ठाऊक असतो, वेल्डरच्या हातचा नव्हे. रस नीट न मिळालेली जागा, अडकलेला वायूचा बुडबुडा, धातूची मळी, हीं हुडकावीं लागतात. साध्या पोलादावर चुंबकानें भेगा शोधतां येतात. ३०४ वर तें साधत नाहीं. ध्वनिलहरींची परीक्षाहि त्याच्या सांध्यांतील भरड कणांमुळें अवघड होते. म्हणून पृष्ठभागावर लाल रंगाचा पातळ द्रव लावतात, पुसून टाकतात, आणि वर पांढरी भुकटी फवारतात. भेग असेल तेथें तांबडी रेघ उमटते. पोटांतील दोषांसाठीं क्ष-किरण आहेतच. अशा परीक्षेची किंमत किती, हें उत्तर समुद्रावर 'अलेक्झांडर कीलंड' ह्या कामगारांच्या तरंगत्या वसतिगृहावरून कळतें. २७ मार्च १९८० रोजीं तें उलटून २१२ पैकीं १२३ माणसें बुडालीं. तेथील पोलाद साधें होतें. परंतु भेग सुरू झाली ती एक यंत्र बसविण्याच्या कड्याभोंवतालच्या ६ मिलिमीटरच्या फिलेट सांध्यापासून, आणि त्या भेगेंत रंग आढळला, म्हणजे रंगकामाच्या वेळींच ती तेथें होती. लाटांच्या लाखों लहान हिसक्यांनीं ती वाढत गेली. तो सांधा भार वाहण्यासाठीं नव्हे, केवळ कडें धरून ठेवण्यासाठीं होता.

आणि स्टेनलेस स्टीलचा एक खास शत्रु राहिला, तो म्हणजे क्लोराइड. स्वित्झर्लंडांतील ऊस्टर गांवीं पोहण्याच्या तलावावरचें काँक्रीटचें छत स्टेनलेस स्टीलच्या सळयांनीं लोंबतें ठेविलें होतें. १९७२ पासून तें नीट होतें. ९ मे १९८५ रोजीं तें कोसळलें व बारा माणसें मेलीं. भार वाढला नव्हता. तलावाच्या पाण्यांतील क्लोरिनयुक्त वाफ सळयांवर सांचत गेली, आणि ओढ व क्लोराइड ह्या दोहोंच्या संयोगानें सळया आंतून चिरत गेल्या. असें चिरणें केवळ उष्ण ठिकाणींच घडतें अशी तोंपर्यंत पुष्कळांची समजूत होती. आतां अशा छतांत, जेथें सळया कधीं धुतल्या जात नाहींत तेथें, मोलिब्डेनम पुष्कळ असलेल्या मोजक्याच जाती चालतात, आणि त्यांचीहि वेळोवेळीं तपासणी करावी लागते. सळयांस ओढ छताच्या वजनाची होती. सांध्यास तेवढ्या वजनाचीहि गरज नसते. निवतांना आंत राहिलेली जी ओढ आम्हीं आरंभीं सांगितली, तीच तेथें पुरेशी होऊं शकते. आमच्या कोंकण किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्यांत ३०४ च्या कठड्यांवर तपकिरी डाग प्रथम दिसतात ते बहुधा वेल्डिंगच्या कडेसच. तेथें शेंकडा दोन ते तीन मोलिब्डेनम असलेलें '३१६ एल' घ्यावें, सांध्याजवळचा काळा-निळा थर साफ करवून घ्यावा, आणि कठडा अधून मधून गोड्या पाण्यानें धुवावा.